जंगाली वाटी

हिरवा हा रंग दिसायला जितका सोपा, तितकाच टिकवायला अवघड. डोळे वर केले की सगळीकडे हिरवंच दिसतं, त्यामुळे माणसाला हा रंग फुकटात मिळाला असेल असं वाटतं. पण रंगाऱ्यांना विचारा! झाडाचा पाला कुटून काढलेला हिरवा चार दिवसांत मातकट होतो. म्हणून जुने रंगारी आधी निळा चढवत आणि त्यावर पिवळा. त्यातला पिवळा आधी उडून जातो. युरोपातले चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे विणलेले भिंतीपडदे पाहिलेत, तर त्यातली झाडं आज निळी दिसतात. विणकराला काही निळं जंगल नको होतं. काळाने त्याच्या हिरव्यातला पिवळा तेवढा खाल्ला.

दुसरा मार्ग जंगालाचा. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं माहीत होतं. तांब्यावर आंबटाची क्रिया होऊन जो हिरवा-निळा थर धरतो, तोच प्रकार मुद्दाम करून खरवडून घेतला की झालं जंगाल. आपल्याकडच्या लघुचित्रांत आणि युरोपातल्या चित्रांतही हा रंग भरपूर वापरला गेला. दिसतो सुरेख, पण स्वभावाने दुष्ट. तेलात कालवला तर कालांतराने तपकिरी पडतो आणि कागदावर लावला तर कागदालाच खातो. ज्यांनी जुन्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यांनी पाहिलं असेल, की हिरवा भरलेल्या जागी कागद मागच्या बाजूने तपकिरी होऊन तडकलेला असतो.

हे सगळं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असलेला एक हिरवा. तो पाचशेहून जास्त वर्षं जुना आहे आणि अजून हिरवा आहे. तो कुठल्या रंगाऱ्याने बनवला नाही. तो बनला जंगलात, ओलसर सावलीत पडलेल्या सडक्या ओंडक्यात. बनवणारी होती एक बुरशी, जिचं फळ आपल्या करंगळीच्या नखाहूनही बहुधा लहान असतं.

या बुरशीला इंग्रजीत 'ग्रीन एल्फ कप' म्हणतात. एल्फ म्हणजे तिकडच्या लोककथांमधले रानात राहणारे चिमुकले जीव. त्यांनी पाणी प्यावं अशी वाटी, हा त्या नावामागचा भाव. मी इथे आपली 'हिरवी वाटी' म्हणतो. आकार खरंच वाटीचा. वाढत जाते तशी वाटी पसरट होऊन बशी होते. व्यास दोन ते पाच मिलिमीटर, फार तर दहा. खाली आखूड देठ. आतून-बाहेरून निळसर हिरवी, जवळपास मोरपिशी. वाटीच्या आतल्या अंगाला बीजाणू तयार होतात आणि तिथून हवेत उडतात.

तिचं घर म्हणजे पानझडी जंगलाची जमीन. ओक, बीच, हेझल, अ‍ॅश अशा झाडांच्या पडलेल्या फांद्या आणि ओंडके. नुकतं पडलेलं लाकूड तिला चालत नाही. साल गळून गेलेली हवी, दुसऱ्या बुरशांनी आधी थोडंफार कुरतडून ठेवलेलं हवं, आणि ओल सतत हवी. म्हणजे सावली, पाचोळा, शेवाळ, आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं कुणी न हलवलेलं लाकूड. ही बुरशी वाढते अगदी हळू. घाईच्या जगात तिला जागा नाही.

गंमत अशी, की वाट्या दिसायला नशीब लागतं. त्या येतात पावसाळी हवेत, बहुतेक शरद ऋतूत, आणि काही काळाने जातात. पण लाकडाच्या आत बुरशीचे तंतू वर्षभर असतात आणि ते आपल्या भोवतीच्या लाकडात रंग सोडत राहतात. त्यामुळे जंगलात फिरणाऱ्याला वाटी दिसो न दिसो, पायाखाली मोडलेली एखादी फांदी आतून लखलखीत निळी-हिरवी निघते. कुणीतरी रंगाच्या डब्यात बुडवून ठेवल्यासारखी! पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा कुणाचा तरी खोडसाळपणा वाटला तर नवल नाही.

नावांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने 'फ्लोरा डॅनिका' नावाचा वनस्पतींचा प्रचंड चित्रसंग्रह १७६१ पासून निघू लागला. त्याचा पहिला संपादक ओएडर. त्याने १७७० च्या सुमारास या बुरशीचं चित्र छापलं आणि तिला 'एरुजिनोसा' म्हटलं. लॅटिनमध्ये एरुगो म्हणजे तांब्यावरचा गंज, म्हणजे आपलं जंगाल. जर्मन लोक आजही तिला जे म्हणतात त्याचा अर्थ होतो जंगालाचा छोटा पेला. जंगालावरून जंगाली! माणसाला निसर्गातला रंग ओळखीचा करून घ्यायला आपल्या कारखान्यातला रंग आठवावा लागला, आणि तोही असा, की जो या बुरशीच्या रंगापुढे टिकाऊपणात कुठेच उभा राहत नाही.

शंभरएक वर्षांनी नायलँडर नावाच्या फिनिश शास्त्रज्ञाने हिची एक जुळी बहीण वेगळी काढली, 'एरुजिनॅसेन्स'. दोघींत फरक मुख्यतः बीजाणूंच्या लांबीचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याचा. 'क्लोरोसिबोरिया' हे आजचं कुळनाम अमेरिकन शास्त्रज्ञ सीव्हरने सुचवलं, पण नियमाप्रमाणे ते पक्कं झालं १९५० च्या दशकाच्या शेवटी, रामामूर्ती, कॉर्फ आणि बत्रा या तिघांच्या निबंधाने. आता या बुरशीचं शास्त्रीय नाव पूर्ण लिहायचं तर कुळनामाच्या मागे ही तीन नावं लावावी लागतात. तिघांतली दोन आपल्याकडची, हे पाहून मला उगाचच बरं वाटलं. युरोपातल्या जंगलाच्या पाचोळ्यातल्या वाटीला रामामूर्ती आणि बत्रा ही आडनावं चिकटलेली!

असो. वळूया त्या पाचशे वर्षं जुन्या हिरव्याकडे.

इटलीत उर्बिनो नावाचं छोटं राज्य होतं. तिथला ड्यूक फेडेरिको दा मोंटेफेल्ट्रो (१४२२ ते १४८२) पेशाने भाडोत्री सेनापती. पैसे घेऊन दुसऱ्यांच्या लढाया लढायचा आणि त्या पैशातून ग्रंथ जमवायचा. एका द्वंद्वखेळात त्याचा उजवा डोळा गेला होता, म्हणून त्याच्या सगळ्या प्रसिद्ध चित्रांत तो आपल्याला डावीकडूनच दिसतो. या गृहस्थाने आपल्या दोन राजवाड्यांत, उर्बिनो आणि गुब्बिओ इथे, वाचनासाठी दोन छोट्या खोल्या करवून घेतल्या. गुब्बिओची खोली साधारण १४७८ ते १४८२ च्या दरम्यान फ्लॉरेन्सच्या जुलिआनो आणि बेनेदेत्तो दा मायानो या भावांच्या कारखान्यात तयार झाली. आराखडा फ्रांचेस्को दि जॉर्जिओ मार्तिनीचा असावा असं मानतात.

खोली लहानच, साधारण पाच मीटर बाय चार मीटर. भिंती लाकडाच्या. पण तुम्ही आत उभे राहिलात की भिंती दिसत नाहीत, दिसतात कपाटं. जाळीच्या झडपा, काही अर्ध्या उघड्या. आत पुस्तकं, वाद्यं, वाळूचं घड्याळ, चिलखताचे भाग, पोपटाचा पिंजरा. खोलीच्या खऱ्या खिडकीतून उजेड जसा पडेल, तशा त्या झडपांच्या सावल्याही पडलेल्या. प्रत्यक्षात सगळं सपाट आहे. हजारो लाकडी तुकडे कापून एकमेकांशेजारी बसवलेले. आपल्याकडे म्हैसूरला शिसवीत वेगवेगळ्या लाकडांच्या तुकड्यांनी चित्रं जडवतात, तीच जात. इटलीत या कामाला इंटार्सिया म्हणतात.

आता या कामात अडचण रंगांची. लाकूड निसर्गतः पिवळं, तपकिरी, लालसर, काळपट असू शकतं. अक्रोड, बीच, ओक, फळझाडं यांच्यात छटा पुष्कळ. पण ठसठशीत हिरवं लाकूड झाडाला सहसा नसतं. निसर्गाची ही थट्टाच म्हणायची, की सगळी हिरवाई पानांना दिली आणि लाकडाला जवळपास काहीच नाही. त्यामुळे पुस्तकाचं हिरवं बांधणीपुठ्ठं किंवा पानाचा वेल दाखवायचा तर लाकूड रंगवायलाच हवं. व्हसारीने सोळाव्या शतकात लिहिलेल्या कलाकारांच्या चरित्रग्रंथात फ्रा जोव्हान्नी दा व्हेरोना या साधूचा उल्लेख आहे. हा लाकूड रंगाच्या उकळत्या पाण्यात आणि आत मुरणाऱ्या तेलांत घालून रंगवत असे. व्हसारीला एकूण या कलेचं फारसं कौतुक नव्हतं. हे काम धुराने काळं पडतं, त्याला किडे खातात, आणि ते करायला चित्रकलेपेक्षा चिकाटीच जास्त लागते, असं त्याचं मत.

गुब्बिओच्या खोलीचे पुढे हाल झाले. १८७४ मध्ये लाकडी भिंती राजवाड्यातून काढून एका सरदाराच्या हवेलीत नेल्या गेल्या, तिथून त्या व्यापाऱ्याच्या हाती गेल्या आणि १९३९ मध्ये मेट्रोपॉलिटन म्युझियमने विकत घेतल्या. काही दशकांनी त्यांचं मोठं संवर्धनकाम हाती घेतलं गेलं. संवर्धन करायचं तर प्रत्येक तुकडा कुठल्या झाडाचा आणि त्यावर काय काय केलंय हे कळायला हवं. त्यात हिरवे तुकडेही तपासले गेले. ते रंगवलेले असणार असं वाटणं स्वाभाविक होतं.

मिनेसोटा विद्यापीठातले रॉबर्ट ब्लँचेट हे लाकूड कुजण्याच्या अभ्यासातले मोठे नाव. त्यांनी म्युझियमच्या अँटॉइन विल्मरिंग आणि मेख्टहिल्ड बाउमाइस्टर या संवर्धकांबरोबर ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली घातले. लाकडाच्या पेशींमध्ये बुरशीचे तंतू आणि तो निळा-हिरवा रंग बसलेला दिसला. जंगलात हिरवी वाटी जे करते तेच. १९९२ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी तिथे रंग लावलाच नव्हता. त्यांनी सडलेलं लाकूड निवडून आणलं होतं, ते पातळ कापलं होतं आणि एका ड्यूकच्या वाचनखोलीत बसवलं होतं. जर्मनीतल्या सोळाव्या ते अठराव्या शतकांमधल्या जडावकामातही असंच बुरशीने रंगलेलं लाकूड सापडलं आहे. म्हणजे हा एखाद्या कारागिराचा लहरी प्रयोग नव्हता. आल्प्सच्या दोन्ही बाजूंना पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेलेली ही माहिती होती.

मला या साऱ्यात सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते याचं, की हे लाकूड आणलं कुणी?

दा मायानो बंधू काही स्वतः जंगलात ओंडके उलटेपालटे करत फिरले नसणार. हिरवी फांदी सापडते ती लाकूडतोड्याला, धनगराला, सरपण वेचणाऱ्या बाईला. त्यांच्यातल्या कुणाला तरी आधी हे ठाऊक असलं पाहिजे, की हे लाकूड चुलीत घालायचं नाही, शहरात त्याला गिऱ्हाईक आहे. शिवाय पारखही हवी. कोवळ्या अवस्थेतल्या लाकडात रंग पुरेसा मुरलेला नसतो आणि फार पुढे गेलेलं लाकूड बोटांनी चुरडतं. रंग गडद चढलेला आहे पण करवतीला अजून धरतंय, असा मधला मुक्काम पकडायचा. कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या झाडाखाली, कुठल्या महिन्यात जायचं, हे सगळं ज्ञान कुणाच्या तरी डोक्यात होतं. ड्यूकचं नाव राहिलं, कारागिरांची नावं राहिली, बुरशीला तर तीन-तीन शास्त्रज्ञांची नावं लागली. फांदी उचलणाऱ्याचं नाव तेवढं कुठेच नाही.

पडलेलं लाकूड वेचणाऱ्यांना इतिहासाने दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवलं आहे. युरोपभर गावकऱ्यांना जंगलातलं वाळकं, गळालेलं लाकूड नेण्याची पिढीजात मुभा असे. पुढे लाकडाला भाव आला तसे जंगलमालक त्यावरही हक्क सांगू लागले. जर्मनीत ऱ्हाईन प्रांताच्या विधिमंडळात यावर वाद झाला, की गळालेल्या फांद्या उचलणं ही चोरी धरायची की नाही. त्या वादावर १८४२ मध्ये एका तरुण पत्रकाराने वृत्तपत्रात जळजळीत लेखमाला लिहिली. त्याचं नाव कार्ल मार्क्स. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो ते या निमित्ताने, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं आहे. जिला कुणी विचारत नव्हतं ती वाळकी फांदी एकदम मालमत्ता झाली आणि ती उचलणारे चोर झाले. सह्याद्रीत डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायकांना या वादाचं मर्म समजावून सांगावं लागणार नाही.

हिरव्या लाकडाचा दुसरा मोठा मुक्काम इंग्लंडमध्ये आहे. केंट परगण्यात टनब्रिज वेल्स नावाचं गाव. १६०६ मध्ये तिथे लोहयुक्त पाण्याचा झरा सापडला, ते पाणी औषधी म्हणून लोक येऊ लागले आणि गाव श्रीमंतांचं हवापालटाचं ठिकाण बनलं. हवापालटाला आलेला माणूस परत जाताना काहीतरी आठवण घेऊन जाणारच, महाबळेश्वरहून काठी आणि मधाची बाटली आणावी तशी. त्यातून लाकडी डब्या, पेट्या, टेबलं यांचा धंदा उभा राहिला. त्याचं नाव 'टनब्रिज वेअर'.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कारागिरांनी एक अफलातून युक्ती काढली. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या बारीक काड्या करायच्या. त्या नक्षीप्रमाणे उभ्या रचून सरसाने एकत्र चिकटवायच्या. त्यांचा एक ठोकळा झाला की तो आडवा कापत जायचा. प्रत्येक पातळ कापावर तेच चित्र! आपली आळूवडीची गुंडाळी कापावी आणि प्रत्येक वडीवर तेच वेटोळं निघावं, तसं. एका ठोकळ्यातून फूल, पक्षी किंवा एखाद्या किल्ल्याचं चित्र कितीतरी डब्यांवर बसवता येई.

या कारागिरांना अभिमान होता तो लाकूड कृत्रिम रंगांत न रंगवण्याचा. शंभराहून जास्त प्रकारची लाकडं ते गोळा करत. करडा हवा असेल तर लाकूड त्याच गावच्या झऱ्याच्या पाण्यात भिजत ठेवत, त्यातल्या लोहामुळे ते करडं पडे. आणि हिरवा? त्यासाठी होतं 'ग्रीन ओक'. आसपासच्या ओकच्या रानांत पडलेल्या फांद्या, ज्यांत हिरव्या वाटीने वर्षानुवर्षं रंग मुरवलेला. चित्रातली पानं, गवत, झाडांच्या छाया या लाकडाच्या. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात एडमंड नाय आणि हेन्री हॉलंबी यांच्यासारख्या टनब्रिजच्या कारागिरांनी आपलं काम मांडलं होतं. ज्या काचेच्या महालात वाफेची यंत्रं पाहायला जग लोटलं होतं, त्याच महालात एका बुरशीचं कामही मांडलेलं होतं. फक्त तिच्या नावाची पाटी नव्हती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा संपला. आता त्या वस्तू गावच्या 'अमेलिया स्कॉट' या संग्रहालयात पाहायला मिळतात.

रसायनशास्त्रज्ञ या रंगाच्या मागे लागले तेही एकोणिसाव्या शतकातच. १८६८ मध्ये रोमिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला झायलिंडीन हे नाव दिलं. पण नाव देणं सोपं आणि रचना उलगडणं अवघड. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, इतर द्रावकांतही नाखुशीनेच विरघळतो. त्याची रचना १९६० च्या दशकात ठरली आणि तिचे शेवटचे बारकावे जपानी संशोधकांनी २००० मध्ये नक्की केले. म्हणजे नाव दिल्यापासून एकशे बत्तीस वर्षांनी! न विरघळण्याचा हाच हट्टीपणा त्याच्या टिकाऊपणाच्या कामी येतो. पाण्याने धुपत नाही, उजेडाने सहजी उडत नाही.

अलीकडे ओरेगन स्टेट विद्यापीठात सेरी रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बुरशी प्रयोगशाळेत लाकडाच्या चुऱ्यावर वाढवून तिचा रंग काढला, कापडावर चढवला, चित्रकारांच्या रंगांत वापरून पाहिला. तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञांनी झायलिंडीनमधून वीज कशी वाहते हे तपासलं. हा पदार्थ सेंद्रिय अर्धवाहक म्हणून उपयोगी पडू शकतो, असं त्यांचे २०१९ चे प्रयोग सांगतात. ड्यूकच्या कपाटापासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत प्रवास झाला म्हणायचा. बुरशी मात्र अजूनही आपल्या गतीनेच वाढते. तिला कितीही सांगा, घाई करत नाही.

आता मुद्द्याचं. या सगळ्या इतिहासाला आधार होता तो जंगलातल्या पडून राहिलेल्या लाकडाचा. तो आधार गेल्या दोनशे वर्षांत युरोपात फार आटला. जंगल म्हणजे लाकडाचं शेत, हा विचार जर्मनीतून निघून जगभर गेला. आपल्याकडचं इंग्रजांचं वनखातंही याच विचारावर उभं राहिलं. त्याचा पहिला प्रमुख, १८६४ मध्ये नेमलेला डिट्रिच ब्रँडिस, जर्मनच होता. शेतात काडीकचरा ठेवत नाहीत, तसा जंगलातही ठेवायचा नाही. मेलेलं झाड काढा, पडलेलं उचला, नाहीतर कीड लागेल, आग लागेल, आणि दिसायलाही बरं दिसत नाही. जंगल स्वच्छ झालं. फक्त त्यात जंगल कमी राहिलं.

आकडा सांगतो. युरोपातल्या बीच झाडांच्या ८६ राखीव जंगलांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे हेक्टरी सरासरी १३० घनमीटर मृत लाकूड होतं. युरोपातल्या सगळ्या जंगलांची सरासरी त्याच्या दशांशाच्या आसपास भरते. आणि हे मेलेलं लाकूड म्हणजे एकट्या हिरव्या वाटीचं घर नाही. भुंगेरे, सुतारपक्षी, शेवाळं, इतर शेकडो बुरशा, सगळ्यांचा संसार त्यावर. हिरवी वाटी तूर्त दुर्मीळ झालेली नाही, पण तिचे जे शेजारी जास्त जुनं, जास्त जाड लाकूड मागतात त्यांच्यातले पुष्कळ आज धोक्यात आहेत. आता तिकडच्या वनखात्यांना हे उमगलं आहे आणि ओंडके मुद्दाम पडू दिले जातात. काही ठिकाणी तर 'हे लाकूड हलवू नये' अशा पाट्या लावाव्या लागतात. चुकून कुणी स्वच्छता करायला नको!

आपल्या भाषेत कुजणं आणि सडणं यांत बारीक फरक आहे. कुजलेलं खत आपल्याला चालतं, शेतकरी ते पैसे देऊन घेतो. पण 'सडका' म्हटलं की शिवी झाली. सडकी फळं, सडकं धान्य, सडकं डोकं. सडलेल्यातून काही घेण्यासारखं असेल हे भाषेलाच मान्य नाही. इंग्लंडमध्ये ओकच्या जिवंत झाडात शिरणारी आणखी एक बुरशी आहे. तिने लाकूड गडद तपकिरी होतं आणि फर्निचरवाले त्या 'ब्राऊन ओक'ला जास्त किंमत मोजतात. म्हणजे सुताराचा हिशेब भाषेच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो. लाकूड चांगलं की वाईट, हे तो कानस फिरवल्यावर ठरवतो, नाव ऐकून नाही.

फेडेरिकोची खोली मला म्हणून महत्त्वाची वाटते. त्या माणसाकडे पैसा होता. त्याला जगातलं महागातलं महाग लाकूड मागवता आलं असतं. पण हिरव्या रंगासाठी त्याच्या कारागिरांना जंगलाच्या जमिनीशीच जावं लागलं, कुणाच्या मालकीचं नसलेल्या एका संथ कामापाशी. तिथे हुकूम चालत नव्हता. फांदी पडायची वाट पाहायची, ती ओली राहायची वाट पाहायची, बुरशी शिरायची वाट पाहायची, आणि मग योग्य वेळी तिथून जाणाऱ्या कुणाचं तरी लक्ष जायची वाट पाहायची. यातली एकही पायरी पैसे देऊन उरकता येत नव्हती. करता येण्यासारखी गोष्ट एकच होती, ओंडका जिथे पडलाय तिथे पडू देणं.

त्या लाकडातली बुरशी मरून पाचशे वर्षं झाली. तिचा रंग संग्रहालयात जपला जातोय, आणि जपायलाच हवा. तिच्या वंशजांना मात्र संग्रहालय नको, दिवे नको. त्यांना फक्त एक ओलसर ओंडका हवा आहे, जो कुणी आवरलेला नाही.